धुरातली सहावी ओ

ही गोष्ट मी मनानं रचली असती, तर माझ्या मावशीला त्यात इतकं वाईट दाखवलं नसतं.

एवढ्यावरूनच ओळखा, खरी आहे.

रोकिया माझ्या आईची धाकटी बहीण. तिनं हे मला एकदाच सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, मासे साफ करता करता. मी पदरचं काही घातलेलं नाही. गावाचं नाव तेवढं गाळते. सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर, मोठ्या नदीच्या मुखाशी, चिखलात खांब रोवून त्यावर उभं राहिलेलं आमचं गाव. दिवस, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचा. वेळ, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

हो, दुपारच. रात्र नव्हे.

पण त्या वर्षी दुपार काय आणि रात्र काय, सारखंच होतं. आत रानात आगी लागल्या होत्या आणि सगळा धूर किनाऱ्यावर येऊन बसला होता. दीड महिना आम्ही सूर्य पाहिला नव्हता. हात लांब केला तर आपलीच बोटं पुसट दिसत.

तरी लोक चिखलावर जात होते. भूक धुराला विचारून लागत नाही.

ओहोटीला आमच्यासमोर दोन-अडीच किलोमीटर चिखल उघडा पडतो. त्यात शिंपल्या. पण त्या चिखलात नुसता पाय ठेवला की माणूस मांडीपर्यंत आत जातो. म्हणून फळी लागते. पुरुषभर लांब, हातभर रुंद, टोकाला वर वळलेली. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायानं चिखल मागं रेटायचा, की फळी सरसर सरकते. फळी आहे तोवर काळजी नाही.

फळी सुटली की मग...

ते आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही.

आणि भरती. नव्या माणसाला वाटतं, ती समोरून येते. ती समोरून येतच नाही. आधी ओहोळांतून गुपचूप मागं शिरते, तुमच्या आणि होडीच्या मधे. तुम्ही खाली मान घालून शिंपल्या चाचपताय, समोर चिखल उघडाच, आणि पाठीमागं पाणी.

आमचे होडीवाले पाक बुसू नेहमी सांगत, "पाणी पहिल्या तासाला म्हाताऱ्यासारखं चालतं, तिसऱ्या तासाला तरण्यासारखं पळतं, सहाव्याला पुन्हा काठी टेकतं. तुम्ही त्या म्हाताऱ्याला बघून हसता, तिथंच फसता."

म्हणून होडीत एक माणूस डबा घेऊन बसतो. रॉकेलचा रिकामा डबा आणि एक दांडकं. बंदराचं भरती-ओहोटीचं पत्रक दुकानावर चिकटवलेलं असतं, पण बंदर नदीत वर आहे. पाणी आमच्याकडे आधी वळतं आणि तिथं उशिरा पोचतं. त्यामुळे पत्रकातल्या वेळेतून सव्वा तास वजा करायचा, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत. पाणी वळलं की डबा वाजवायचा. डबा ऐकला की चिखलावरच्या प्रत्येकानं ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की इंजिन सुरू करायचं, म्हणजे धुरात त्या आवाजाच्या रोखानं लोक येतात. एक जरी ओ कमी पडली, तरी कुणी परत फिरायचं नाही. ज्याची ओ नाही त्याला आधी शोधायचं.

आणि एकच नियम. दुसऱ्याची ओ आपण द्यायची नाही.

त्या आठवड्यात डबा रोकियाकडे होता. शिंपलीनं गुडघा कापला होता, सुजून टम्म झाला होता. तिची फळी नणंद घेऊन जायची. मुनाह. बावीस वर्षांची, आणि तोंडानं तिखट. त्या सकाळचंच बघा.

"वहिनी, तुझी फळी नेतेय. तशीही रिकामीच पडलीय, तुझ्यासारखी."

"विचारायची काही पद्धत?"

"विचारलं की नाही म्हणतेस. म्हणून विचारतच नाही."

आतून सासूनं, माक ईतमनं (माक म्हणजे आई), सागूची भाकरी उलटता उलटता आवाज टाकला, "सकाळी सकाळी नका गं लागू एकमेकींच्या. धुरानं आधीच डोळ्यांतून धारा लागल्यात, त्यात तुमची भर कशाला!"

भांडण तेवढंच नव्हतं. आदल्या दिवशी काय झालं होतं, ते ऐका. रोकियानं डबा वाजवला. चिखलावर सहा जण. पाच ओ आल्या. मुनाहची आली नाही. रोकिया हात बधिर होईस्तोवर डबा बडवत राहिली. बाकीचे पाच जण धुरात मागं फिरून शोधायला लागले. आणि मुनाह? मुनाह होडीच्या पलीकडच्या अंगाला फळीवर बसून, तोंडावर हात दाबून हसत होती.

बोलणी कुणाला बसली? रोकियाला.

"डबा वाजवणारीला हाताच्या अंतरावरची पोरगी दिसत नाही," पाक बुसू म्हणाले. संध्याकाळी दुकानावर कॉफी पिता पिता सगळ्या गावानं त्यावर हसून घेतलं. रोकियाच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी पत्रकात ओहोटीची वेळ होती चार पंचवीस. सव्वा तास वजा. तीन दहा.

तीन दहाला रोकियानं डबा वाजवला. वेळेत चूक नव्हती. मला सांगतानाही तिनं हेच आधी सांगितलं... वेळेत चूक नव्हती.

ढण. ढण. ढण.

धुरातून ओ आली. "हूऽय!"

दुसरी. तिसरी. लांबून चौथी. मग पाचवी.

मग काहीच नाही.

पुन्हा डबा. पुन्हा त्याच पाच.

रोकियानं होडीच्या पलीकडं वाकून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तिच्या मनात आलं, आज दुसरीकडं लपली असेल. आज पुन्हा माझं हसं करणार. बडवते मी हात मोडेपर्यंत, आणि ही येणार दात काढत.

मागं पाक बुसू इंजिनात डोकं घालून बसले होते. इंजिनाच्या संगतीत जन्म गेला, त्यांचा डावा कान पार गेलेला.

"सहा झाल्या का गं?"

रोकियानं धुराकडे तोंड केलं. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. मुनाहची ओ शेवटाला वर चढायची, काही विचारल्यासारखी. रोकियानं तशीच चढवली.

"हूऽऽय?"

धुरात एकाच ओवरून दिशा कळत नाही. चिखलावरच्या पाचही जणांनी ऐकली. सहा झाल्या. ते परत निघाले.

"झाल्या," रोकिया म्हणाली.

पाक बुसूंनी इंजिन सुरू केलं.

पाच जण आले. एकेक जण धुरातून फळी ढकलत आला, होडीत चढला, थुंकला, पाणी प्यायला. रोकिया वाट बघत होती. आता येईल. दात काढत येईल. वाटेत चार खडे बोल सुनावायचे, ते तिनं जुळवूनही ठेवले होते.

मुनाह आली नाही.

इंजिन बंद केलं. डबा वाजवला. ओरडले, घसे बसले. तोवर मागच्या ओहोळात कमरेइतकं पाणी झालं होतं... आणि तिसरा तास लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांदळवनात फळी सापडली. टोपली तिला बांधलेली तशीच, शिंपल्यांनी शिगोशीग भरलेली. मुनाह सापडली नाही. आजपर्यंत नाही.

सगळं गाव एकच बोलत होतं. तिनं ओ दिली होती. पाच जणांनी आपल्या कानांनी ऐकली. म्हणजे ती निघाली होती, आणि वाटेत काहीतरी झालं. पाण्यातल्यांनी नेली, असं म्हातारी माणसं म्हणाली.

रोकिया गप्प राहिली.

पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी अवघड झालं. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला माक ईतम आल्यागेल्याला सांगायला लागली, "माझ्या लेकीनं ओ दिली होती हो. म्हणजे तेव्हा ती भ्यायली नव्हती. घरी यायला निघाली होती. तेवढंच समाधान." त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार? त्या म्हातारीकडे तेवढं एकच उरलं होतं, आणि तेही खोटं होतं.

रोकियाला झोप येईना. एकच विचार डोक्यात फिरायचा. मी ओ दिली, म्हणून इंजिन सुरू झालं. इंजिन सुरू असताना चिखलावरचं कुणाला काय ऐकू येणार? मुनाह ओरडली असेल का? किती वेळ ओरडली असेल?

मी मारलं नाही तिला, ती स्वतःला सांगायची. मी फक्त ओ दिली.

नवव्या दिवशी पहिली गोष्ट घडली.

रोकिया बाहेर फळ्यांवर मासे वाळत घालत होती. आत आली तर सासू रागावलेली.

"पाणी दे म्हटलं तर 'हो' म्हणालीस, आणि गेलीस कुठं?"

"मी कधी 'हो' म्हटलं, माक?"

"आत्ता. आतल्या खोलीतून."

आतल्या खोलीत कुणी नव्हतं.

म्हातारीचे कान वाजत असतील, असं म्हणून रोकियानं सोडून दिलं. चार दिवसांनी तिचा नवरा उसुप खालून होडीतून ओरडला, दोर टाक म्हणून. बऱ्याच वेळानं तणतणत शिडी चढून वर आला.

"टाकते म्हणतेस आणि खुशाल झोपतेस?"

ती दुपारभर झोपलेलीच होती. तोंडातून शब्द काढला नव्हता.

मग भांगाचे दिवस आले. अर्ध्या चंद्राला पाणी ना धड चढतं ना धड उतरतं, चिखल जेमतेम उघडा पडतो, सगळे घरीच असतात. रोकिया मीठ आणायला दुकानात गेली. दुकानदारानं आत वजन करता करता हाक मारली, "रोकिया आहेस ना?"

तिनं तोंड उघडलं...

"आहे."

तिच्या खांद्यामागून. तिच्याच आवाजात.

दुकानदारानं मानही वर केली नाही. रोकिया मीठ न घेताच घरी आली.

तिच्या जागी कुणीतरी ओ देत होतं.

आता सांगून टाकावं, असं तिनं चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला ठरवलं. घर माणसांनी भरलं होतं. ती सासूसमोर जाऊन बसलीसुद्धा. सासूनं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू होतीस ना गं डब्यावर. तूच ऐकलीस तिची शेवटची ओ. कशी होती, सांग ना."

"नेहमीसारखी," रोकिया म्हणाली. "शेवटाला वर चढणारी."

माक ईतम रडता रडता हसली. रोकियाला वाटलं, आत्ता या जमिनीच्या फटीतून खाली चिखलात पडावं.

तीन दिवसांनी पौर्णिमा. उधाणाची ओहोटी आमच्याकडे कायम त्याच वेळेला येते. रोज पाणी पाऊण-एक तास उशिरा येतं, आणि पंधरवड्यात फिरून पुन्हा त्याच ठिकाणी. अमावास्या असो की पौर्णिमा, दुपारी तीनच्या आसपास. मुनाह गेली तीच वेळ.

गुडघा बरा झाला होता. घरात तांदूळ संपला होता. रोकियाला जावं लागलं. फळी तीच, दुसरी कुठून आणणार? डब्यावर या वेळी पाक बुसू स्वतः. आणि होडीत माक ईतम. लेक जिथं गेली ती जागा बघायची म्हणून हट्टानं आलेली. धूर मधे विरळ झाला होता, त्या दिवशी पुन्हा दाट झाला.

चिखलावर सहा जण.

रोकिया ठरवून होडीजवळच राहणार होती. पण जवळच्या शिंपल्या वेचून झालेल्या. थोडं पुढं, थोडं पुढं करत ती कुठवर गेली, तिलाच कळलं नाही. टोपली भरली. वळायला म्हणून तिनं गुडघा उचलला, आणि तो दगा देऊन गेला.

ती कुशीवर पडली. फळी तिच्या पायानंच रेटली गेली आणि उतारावरून घसरत गेली. दोन हात. चार हात. मग दिसेनाशी झाली.

रोकिया कमरेपर्यंत आत होती. जितकी हलली तितका चिखल घट्ट धरत होता.

मागं कुठंतरी बारीक आवाज येत होता. खळखळ नव्हे, नुसतं चपचप. ओहोळात पाणी शिरत होतं.

ढण. ढण. ढण.

तिच्या जिवात जीव आला. डबा. आता फक्त गप्प राहायचं. पाचच ओ गेल्या तर ते शोधायला येतील. नाहीतर ओरडायचं. काहीही केलं तरी वाचणार.

"हूऽय!" पहिली.

दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी.

तिनं छाती भरून श्वास घेतला...

"हूऽऽय?"

अगदी जवळून. उजवीकडून, चार हातांवरून. शेवटाला वर चढलेली.

तो मुनाहचा आवाज नव्हता.

तो रोकियाचा होता. ओंजळीतून काढलेला, मुनाहसारखा चढवलेला. त्या दिवशी तिनं दिलेली तीच ओ, तशीच्या तशी.

डबा थांबला.

"नाही! मी नाही! ती मी नाही!" ती किंचाळली. आणि त्याच क्षणी इंजिन सुरू झालं.

आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येत नाही, तेव्हा कसं वाटतं, ते तिला तिथं कळलं. मुनाहला काय वाटलं असेल, तेही. पाणी पाठीला लागलं. ती मुनाहचं नाव घेऊन रडायला लागली. चुकले गं, म्हणाली. भांडणाचा राग होता, जीव घ्यायचा नव्हता, म्हणाली. इंजिन चालूच होतं.

पाणी बरगड्यांपर्यंत आलं...

आणि इंजिन बंद पडलं.

शांततेत एका बाईची हाक आली. "मुनाह! मुनाऽऽह! तिथंच थांब गं बाई, मी आले!"

माक ईतमनं ती ओ ऐकली होती. पाक बुसूंनी सहा मोजून इंजिन सुरू केलं, तशी ती त्यांच्या अंगावर धावून गेली. माझी लेक आहे तिकडं, बंद कर, बंद कर म्हणून तिनं त्यांचं मनगट चावलं, तेव्हा कुठं त्यांनी बंद केलं. मग रोकियाचं ओरडणं त्यांच्या कानावर आलं. ओहोळात होडी घालून, पुढं फळी टाकून ते दोघं तिच्यापर्यंत पोचले. पाणी गळ्याशी आलं होतं.

काखेत दोर घालून तिला वर ओढलं. ती होडीच्या तळाशी पडली. माक ईतमचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ती धुराकडं बघत होती.

"ती कुठंय? आत्ता ओ दिली तिनं. कुठंय ती?"

रोकिया आता गप्प राहू शकली असती. कुणाला कळलं नसतं.

"माक, ती नव्हती," ती म्हणाली. "ती ओ माझी होती. त्या दिवशीचीही माझीच होती."

मग तिनं सगळं सांगितलं. पाक बुसू हातात डबा घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी माक ईतमनं एकच विचारलं.

"तू ओ दिलीस, मग लगेच इंजिन लावलं?"

"हो."

"म्हणजे ती ओरडली असती तरी..."

"नसतं ऐकू आलं, माक."

माक ईतम खाली बसली. घरी येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

त्या संध्याकाळी रोकियानं सासूचे पाय धरले. हाकलून द्या, मारा, पण काहीतरी बोला, म्हणाली. म्हातारीनं तिला उठवलं. गरम पाण्यानं तिच्या केसांतला चिखल धुतला. धुता धुता म्हणाली, "माझ्या वाटची माफी मी तुला दिली. दिली म्हणजे दिली. पण तिच्या वाटची मी कशी देऊ? दुसऱ्याची ओ आपण द्यायची नसते."

ती ओ कुणाची, यावर आजही एकमत नाही. सासू म्हणते लेकीची. मावशी म्हणते तिची स्वतःची. पाक बुसू डाव्या कानावर हात ठेवतात. ती ओ त्यांना त्याच बहिऱ्या कानात ऐकू आली होती. मारायला आली होती की वाचवायला, तेही मला कळलेलं नाही.

घरात मावशीच्या जागी ओ यायची ती त्या दिवसापासून बंद झाली. मावशी मात्र दर अमावास्या-पौर्णिमेला, दुपारी पाणी वळायच्या वेळेला, धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहते. चिखलाकडं तोंड करून एकदाच मोठ्यानं विचारते, "मुनाह, मला माफ केलंस का?"

आणि थांबते.

गेल्या पौर्णिमेला मी तिच्याबरोबर गेले होते. हवा स्वच्छ होती, लांबवर एक माणूस नव्हता. तिनं विचारलं. आम्ही दोघी पाणी चढेपर्यंत थांबलो. काही आलं नाही. मावशी रडत घरी आली.

मी तिची समजूत काढली. पण खरं सांगते, तिथं उभी असताना माझे दोन्ही हात माझ्या कानांवर होते.